ओळखलं होतं, पण बोलले नाही

पत्र थोडक्यात असं. चोवीस वर्षांची मुलगी, राहते कळव्यात, नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला. नंबर तपासण्यापासून फ्रेम बसवून देण्यापर्यंत सगळं तीच बघते. मागच्या आठवड्यात दुकानात एक नामवंत नट आले. (नाव तिने लिहिलं आहे, मी गाळलं आहे.) तिने त्यांना दारातच ओळखलं. वडिलांचे ते लाडके नट. ती शाळेत असताना वडिलांनी तिला गडकरी रंगायतनला त्यांच्या नाटकाला नेलं होतं. पण तिने ओळख दाखवली नाही. शेठनी मात्र आधीपासून बसलेल्या एका आजींना थांबवून त्यांना पुढे घेतलं, चहा मागवला, 'पैसे राहू द्या' म्हणाले. त्यांनी तरी ॲडव्हान्स दिलाच. ते चष्मा काढून तक्ता वाचताना अडखळत होते, तेव्हा दुसऱ्या काउंटरवरच्या मुलाने गुपचूप व्हिडिओ काढला आणि दुकानातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला. ते गेल्यावर शेठ हिच्यावरच उखडले: 'एवढा मोठा माणूस समोर बसला होता, एक फोटो मागता आला नाही? तुला धंदा कळत नाही.' आता चष्मा गुरुवारी तयार होतोय. शेठचा हुकूम आहे की ऑर्डरच्या कार्डावरच्या नंबरवर मेसेज करून त्यांना संध्याकाळी सातला बोलवायचं. रील काढायला एक मुलगा सांगून ठेवलाय. तिचा प्रश्न: माझं चुकलं का? मेसेज करू का? नाही म्हटलं तर नोकरीचं काय? आणि खाली ता. क. : 'खरं सांगू का ताई, मला त्यांच्याशी बोलायचं होतं.'

तू मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही एकेरीवर येते.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू ता. क. मध्ये ढकललंयस. शेठ ओरडले याचं वाईट वाटतंय आणि आपण बोललो नाही याची रुखरुख लागलीय, ही दोन दुखणी वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही. शेठचं आपण बघू, पण आधी तुझं.

तू असं धरून चालली आहेस की नामवंत माणूस दुकानात आला की वागायच्या दोनच तऱ्हा असतात. एक शेठची: चहा, खुर्ची, फोटो, गडबड. दुसरी तुझी: चेहरा कोरा ठेवायचा आणि बिल करायचं. शेठची तऱ्हा तुला आवडत नाही म्हणून तू दुसरी घेतलीस आणि तिला 'त्यांना त्रास द्यायचा नव्हता' असं नाव दिलंस. मला ते नाव अर्धंच पटतं. उरलेला अर्धा भाग लाजेचा आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त लाजेला शिष्टाचार म्हणू नकोस, नाहीतर पुढच्या वेळीही असंच होईल.

आणि हे एकट्या तुझं नाही, ते ठाण्याचंही आहे. तलावपाळीवर १९७८ पासून गडकरी रंगायतन उभं आहे, पुढे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालं, घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात. नटमंडळी इथे भाजी घेताना दिसतात, औषधाच्या दुकानात दिसतात. त्यावर आपण ठाणेकरांनी एक ढोंग बेमालूम बसवलंय: ओळखायचं, ओळखलंच नाही असं दाखवायचं, आणि घरी पोचायच्या आत तिघांना फोन करायचे. आपल्याला वाटतं हे फार सुसंस्कृत आहे. समोरच्याला ते कधीकधी नुसतं थंड वाटत असेल. (घाणेकर स्वतः दातांचे डॉक्टर होते. नाटकातला एवढा गाजलेला माणूस आपल्या तोंडात आरसा घालून बघतोय म्हटल्यावर पेशंट काय करत असतील, हा विचार मला नेहमी गमतीचा वाटतो. तोंड उघडं असल्यामुळे निदान फोटो मागता येत नसणार.)

आता तू काय केलंस ते बघू, कारण पत्रात तू ते दोन ओळींत उरकलंयस. तू त्यांना विचारलंस, 'वाचताना कागद किती लांब धरता?' त्यांनी हात पुढे करून दाखवला आणि म्हणाले की संहिता मांडीवर ठेवून वाचतो, हातात धरत नाही. मग तू ट्रायल फ्रेम (तपासताना काचा बदलून बघायची फ्रेम) घालून त्यांना खुर्चीत तसंच बसवलंस, कागद मांडीवर दिलास आणि जवळचा नंबर त्या अंतराला जुळवून पाहिलास. पुष्कळ दुकानांत चाळीस सेंटिमीटरवर कार्ड धरायला देतात आणि मोकळे होतात. तसा चष्मा घेऊन हा माणूस तालमीला बसला असता तर मान वाकवून वाकवून दुखली असती, आणि दोष वयाला दिला असता. त्यांच्या कामाला काय लागतं हे दुकानात फक्त तू विचारलंस. शेठ म्हणतात तुला धंदा कळत नाही. चष्म्याचा धंदा याहून वेगळा काय असतो, हे त्यांना शांतपणे विचारायला हरकत नाही. (ओरडत असतील तेव्हा नको.)

आणखी एक. चष्मा काढून तुझ्यासमोर बसलेल्या माणसाला तू नीट दिसतही नसतेस. नंबर मोठा असेल तर समोर एक फिकट गोळा असतो आणि एक आवाज येतो, 'आता बरं दिसतंय की मघाशी?' एरवी हजार माणसांसमोर उभा राहणारा माणूस त्या पाच मिनिटांत पूर्णपणे तुझ्या भरवशावर असतो. तुझी तेव्हाची शांतता बरोबरच होती. तेव्हा नाटकाचा विषय काढला असतास तर त्यांचं लक्ष तक्त्यावरून उडालं असतं, कदाचित नंबरही चुकला असता. पण ऑर्डर लिहून झाली, त्यांनी जुना चष्मा परत डोळ्यांवर चढवला, पावती खिशात टाकली, त्यानंतर बोलायला काय हरकत होती? माझ्या मते काहीच नाही. दुकानातल्या माणसाने गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ काम संपल्यावर आणि ते दाराकडे वळण्याआधी असते. तू कामाच्या वेळी गप्प राहिलीस ते शहाणपणाचं, नंतरही गप्प राहिलीस ते लाजेपायी.

आता शेठ. तू त्यांना पत्रात जवळजवळ खलनायक केलंयस, ते मला जड गेलं. भाड्याच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाची आजची परिस्थिती बघ. फ्रेम लोक ऑनलाइन घेतात, मोठ्या साखळ्यांची दुकानं 'एकावर एक' देतात, आणि मग तोच ऑनलाइनचा चष्मा नाकावरून घसरतो म्हणून नोज पॅड बदलायला तुमच्याकडे येतात आणि 'याचे पण पैसे?' म्हणतात. अशा माणसाच्या दुकानात चेहरा माहीत असलेलं गिऱ्हाईक आलं तर त्याला फोटो हवासा वाटणारच. त्यात पाप नाही. फोटो मागावा, एकदा मागावा, 'नको' आलं तर हसून सोडावा. पण तो शेठनी स्वतः मागावा. आपल्याला संकोच वाटतो म्हणून पगारावरच्या मुलीला पुढे करणं, आणि तिने केलं नाही की तिच्यावर उखडणं, हे मात्र गैर आहे.

मेसेजबद्दल तुला जे खटकतंय ते बरोबर खटकतंय. नंबर त्यांनी कशासाठी दिला? चष्मा तयार झाला की कळावं म्हणून. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा केला, त्याचा गाभा हाच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं होतं की मोबाइल नंबर दिल्याशिवाय वस्तू विकणार नाही असं म्हणता येणार नाही. म्हणजे नंबर देणं हीच गिऱ्हाइकाची मेहेरबानी. 'चष्मा तयार आहे' हा मेसेज तू करू शकतेस, केलाच पाहिजेस. 'सातला या' म्हणून बोलवायचं आणि आत कॅमेरा लावून ठेवायचा, याला साध्या मराठीत फसवून बोलावणं म्हणतात.

फुकट चष्म्याचंही तसंच. शेठना वाटतं पैसे घेतले नाहीत की फोटोला 'नाही' म्हणता येणार नाही. पण जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत: प्रसिद्ध माणसाने काही फुकट किंवा मोबदला घेऊन एखाद्या मालाची भलामण केली, तर ते लोकांना स्पष्ट सांगायला हवं. त्या क्षेत्रातली जाणती माणसं म्हणूनच अशा फुकटाला बिचकतात. त्यांनी आग्रहाने ॲडव्हान्स दिला याचा अर्थ मी तरी असाच लावते की त्यांना गिऱ्हाईकच राहायचं होतं. आणि न विचारता फोटो जाहिरातीला लावायचा असेल तर शेठना एक जुना निकाल सांग. अमिताभ आणि जया बच्चन यांनी दागिन्यांच्या एका ब्रँडसाठी केलेली जाहिरात दुसऱ्याच एका सराफाने आपल्या होर्डिंगवर लावली होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला मनाई केली. त्यानंतर तर हा विषय आणखी कडक झालाय. २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही अरिजित सिंग यांच्या बाजूने असा हुकूम दिला. नौपाड्यातल्या एका रीलसाठी कोणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. पण शेठच्या कानावर पडलेलं बरं. धंदेवाल्या माणसाला नीती सांगितली की तो वैतागतो, कोर्ट सांगितलं की ऐकतो.

आता तो व्हिडिओ. तू त्यावर एकच ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस, आणि माझ्या मते या सगळ्यात खरं काळजीचं तेवढंच आहे. फोटोचं काय, मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. पण तक्त्याची ओळ वाचता न येणारा नट, तोही चोरून टिपलेला? या माणसाचं पोट डोळ्यांवर आहे. अंधारात विंगेतून एंट्री घ्यायची, प्रकाशाच्या खुणेवर येऊन उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून वाक्य टाकायचं. 'अमक्यांना आता दिसत नाही म्हणे' एवढी कुजबुज एखाद्या निर्मात्याच्या कानावर गेली की त्याचं काय होईल ते सांगता येत नाही. आणि त्यांचं काही बिघडलं नाही असं धरलं, तरी डोळ्यांचा नंबर ही तब्येतीची गोष्ट आहे. तुझ्या आईचा असा व्हिडिओ कोणी काढला असता तर?

त्या मुलाला वेगळं गाठ. शेठसमोर नको, ग्रुपवर तर मुळीच नको. चारचौघांत बोललीस की तो हट्टाला पेटेल. साधं सांग: 'अरे, तो व्हिडिओ काढून टाक. बाहेर गेला तर नाव दुकानाचं येईल, आणि काढणारा तू आहेस हे सगळ्यांना माहीत आहे.' ग्रुपवरून 'सर्वांसाठी' काढता येण्याची मुदत आता उलटून गेली असेल, तेव्हा ज्यांनी पाहिला त्यांना एकेकाला फोनमधून काढायला सांगावं लागेल. कंटाळवाणं काम आहे. करावं लागेल. त्याने ऐकलं नाही तर मग शेठना सांग, आणि ती चुगली वाटून घेऊ नकोस. दुकानात कॅमेऱ्यासमोर डोळे तपासतात अशी बोलवा झाली तर उद्या त्या आजीही येणार नाहीत.

आजींवरून आठवलं. रांग मोडायला त्या नटांनी सांगितलं होतं का? तुझ्या पत्रात तसं कुठे नाही. ते आले आणि उभे राहिले. पुढे शेठनी ओढलं. नावाजलेल्या माणसाला पुढे घेणं हा आपल्याकडे मान समजतात, पण त्यातून त्याच्या नावावर एक अपमान चिकटतो, जो त्याने केलेलाच नसतो. आजी घरी जाऊन सुनेला काय सांगणार? 'तो आला आणि माझा नंबर गेला.' पुढच्या वेळी असं काही झालं की शेठ बोलायच्या आत तू बोल: 'सर बसा ना, या आजींचं झालं की तुमचंच घेते.' बहुतेक माणसं 'हो हो, त्यांचं आधी' असंच म्हणतात, आणि एकदा त्यांनीच म्हटलं की शेठनाही काही करता येत नाही. आजींचा चष्मा व्हायचा असेल अजून. त्या येतील तेव्हा एक वाक्य बोलून टाक, 'त्या दिवशी तुम्हाला ताटकळावं लागलं.' एवढ्याने भागतं.

नोकरीचं. सगळं धरून मला ती जाईल असं वाटत नाही. नंबर काढणारी, फ्रेम बसवणारी, गिऱ्हाइकाला किती लांबून वाचता हे विचारणारी मुलगी सहजासहजी मिळत नाही, आणि शेठना हे तुझ्याहून चांगलं माहीत आहे. पण 'मी हे करणार नाही' अशी सुरुवात करू नकोस. नकार घेऊन गेलीस की ते मालक होतात. त्याऐवजी बुधवारी, दुपारच्या निवांत वेळी, हातात मेसेजचा मसुदा घेऊन जा. 'सर, आपला चष्मा तयार आहे. दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ उघडं असतं. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, फिटिंग निवांत करता येईल.' (वेळा तुमच्या दुकानाच्या घाल.) आणि म्हण: 'शेठ, हा पाठवते. ते आले की चष्मा मी बसवून देते, मग तुम्ही स्वतः विचारा फोटोचं. मालकाने विचारलं की मान राहतो. आणि पेजवर टाकायचा असेल तर तेही विचारून घ्या, मग नंतर काही भानगड नको.' यात शेठना फोटोची संधी आहे, मालकपणा शाबूत आहे, आणि तुला कुणाला फसवावं लागत नाही. रीलवाल्या मुलाचं काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. तरीही ते अडून बसले, 'सातला बोलावच' म्हणाले, तर 'मग मेसेज तुम्ही तुमच्या फोनवरून करा' एवढं म्हणून थांब. त्यापुढे भांडू नकोस.

तुझ्यासारखी पत्रं मला याआधीही आली आहेत, पार्लरमधून, औषधाच्या दुकानातून, एकदा हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरूनही. त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. गिऱ्हाईक नावाजलेलं असो की नसो, तुमच्या काउंटरवर त्याची अशी एखादी गोष्ट येते जी बाहेर कुणाला माहीत नसते: केसाला कोणता रंग, कुठली गोळी, कोणत्या डॉक्टरची चिठ्ठी. 'आज आमच्याकडे अमके आले होते' हे घरी सांगितलंत तर आभाळ कोसळत नाही. 'ते काय घेऊन गेले' हे सांगू नका. घरी बहुतेक सगळे दुसराच प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं बरं. 'दिसायला टीव्हीत दिसतात तसेच आहेत का?' यावर हवं तेवढं बोला.

राहता राहिला गुरुवार. ते आले की आधी चष्मा. काडी कानामागे टोचतेय का, नाकावर सरळ बसतोय का बघ, आणि मांडीवर कागद देऊन वाचायला लाव, त्या दिवसासारखंच. उरलेले पैसे घे, पावती दे. मग बोल. 'सर, मी शाळेत होते तेव्हा बाबांनी तुमच्या नाटकाला नेलं होतं, गडकरीला. बाबांना तुमचं काम फार आवडतं.' नाटकाचं नाव घे, एखादा प्रसंग आठवत असेल तर तो सांग. 'मी तुमची मोठी फॅन आहे' म्हणू नकोस, ते त्यांना दिवसातून दहा जण म्हणतात. ते बोलले तर बोल, नुसतं 'अरे वा' म्हणून निघाले तर निघू दे. बाबांसाठी सही हवी असेल तर माग. सही मागायला मला तरी कधी संकोच वाटत नाही, कागद तुझ्याकडे आहेच.

आणि काचा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) घेतल्या असतील तर एक सांगायचं बोलण्याच्या भरात विसरू नकोस: पहिले काही दिवस खाली बघितलं की काचेचा जवळचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली घेऊन बघायची, नुसते डोळे खाली करायचे नाहीत. विंगेतल्या पायऱ्या अंधारात असतात, तेव्हा सवय होईपर्यंत तिथे जुनाच चष्मा वापरा म्हणावं.